सामायिक नकाशाचा कारभार: पहिल्या विहिरीपासून दहाव्या वर्षापर्यंत

नागपुरात नकाशाचं काम करणाऱ्यांची वाण नाही. उपग्रहचित्रांवरून नकाशे करणारं राज्याचं सुदूर संवेदन केंद्र, म्हणजे एमआरसॅक, १९८८ पासून इथेच आहे. अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आहे, इस्रोचं विभागीय केंद्र आहे. महानगरपालिका (मनपा), नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र), महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एनएमआरडीए) आणि भूमी अभिलेख यांचे नकाशे वेगवेगळे. तरीही मोहल्ल्यातल्या सार्वजनिक विहिरीत आज पाणी आहे की कचरा, पावसाळी नाला कोणत्या ले-आउटखालून वळवलाय, हे विचारलं तर खात्रीचं उत्तर बहुतेक वेळा तिथे राहणाऱ्या माणसाकडेच मिळतं. म्हणून रहिवाशांचे, कॉलेजांचे, पक्षीनिरीक्षकांचे गट स्वतःचा सामायिक नकाशा करायला घेतात. ते घ्यायलाच हवं.

असे नकाशे जोमात सुरू होतात आणि दोन-तीन वर्षांत थंडावतात. माहिती चुकीची निघाली म्हणून असं क्वचितच होतं. कोणती नोंद घ्यायची, कोणाची दुरुस्ती मान्य करायची, फाइल कोणाला द्यायची हे सगळं सुरुवातीला एका उत्साही माणसाच्या डोक्यात असतं. गट वाढतो, तरी ते तिथेच राहतं. मग तो माणूस नोकरीसाठी पुण्याला जातो. माझं सांगणं एवढंच आहे की नकाशाचं वय वाढेल तसा त्याचा कारभार बदलावा लागतो, आणि तो कधी व कसा बदलायचा हे पहिल्या वर्षीच लिहून ठेवावं लागतं.

पुढे उदाहरण म्हणून शहरातल्या विहिरी, नाले आणि तलाव यांचा नकाशा करणारा एक गट धरला आहे. झाडं, बसथांबे किंवा जुन्या इमारती घेतल्या तरी पायऱ्या याच.

पहिली पायरी: आपलं काय आणि उसनं काय

काम सुरू करण्याआधी माहितीचे तीन ढीग करा. पहिल्यात तुमच्या माणसांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिलेलं. दुसऱ्यात सरकारी कार्यालयांकडून घेतलेलं. तिसऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपसारख्या, कोणीही भर घालू शकेल अशा खुल्या नकाशातून घेतलेलं. हे तीन ढीग क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळ्या लेअरमध्ये, म्हणजे एकावर एक ठेवता येणाऱ्या थरांत, ठेवा आणि शेवटपर्यंत वेगळेच राहू द्या. पहिल्या ढिगावर निर्णय घ्यायचा हक्क तुमचा आहे. बाकी दोन्हींत चूक दिसली तर ती मूळ मालकाकडे कळवायची, स्वतःच्या प्रतीत गुपचूप सुधारायची नाही. गुपचूप सुधारलं की पुढच्या वर्षी नवी फाइल आली की दुरुस्ती पुसली जाते आणि ती कोणी केली होती हेही कोणाला आठवत नाही.

गुगल मॅपवर बघून बिंदू उचलणं मात्र पूर्ण टाळा. तसा माल ओपनस्ट्रीटमॅप स्वीकारत नाही, आणि तुमच्या ढिगात तो मिसळला की पुढे वेगळा काढता येत नाही.

जुन्या कागदांबाबत एक तांत्रिक सावधगिरी. नागपुरात जमिनीची ओळख मौजा (महसुली गाव), खसरा क्रमांक (जमिनीच्या तुकड्याचा) आणि प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) यांनी सांगतात, त्यामुळे विहिरीचा माग काढताना जुने नकाशे हाती येतातच. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती रूपावर, बेतलेले आहेत, तर मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या रूपावर चालतो. रूपांतर न करता एकावर एक ठेवले तर आपल्या भागात शंभर मीटरांहून जास्त फरक पडतो. विहीर रस्त्याच्या पलीकडे गेलेली दिसते आणि वाद सुरू होतो. म्हणून प्रत्येक लेअरसोबत तो कोणत्या संदर्भ-पद्धतीत आहे ते लिहा.

दुसरी पायरी: पहिलं वर्ष, कारभार एकाच्या हाती

सुरुवातीलाच अध्यक्ष, सचिव, समित्या नेमू नका. आठ-दहा जणांच्या गटात एकाने झटपट निर्णय घेणंच योग्य असतं. फक्त त्याने प्रत्येक नोंदीचा साचा पक्का ठरवावा. नमुन्यादाखल एक नोंद:

क्रमांक: ना-०४१२
प्रकार: सार्वजनिक विहीर, दगडी बांधणी
पाहिल्याची तारीख: १४ मे २०२५
पाहणारा: सदस्य क्र. ७
अवस्था: पाणी आहे, जाळी तुटलेली
आधार: फोटो २, शेजारच्या दुकानदाराचं तोंडी सांगणं
पुन्हा पाहायचं: दिवाळीनंतर

इथे क्रमांकाकडे लक्ष द्या. त्यात वस्तीचं नाव (जसं महाल), झोन, प्रभाग असं काहीही नाही. ते बदलतं, विहीर जागची हलत नाही. एकदा दिलेला क्रमांक विहीर बुजली तरी दुसऱ्या कशाला द्यायचा नाही. बुजलेल्या विहिरीची नोंदही काढून टाकायची नाही. अवस्थेच्या रकान्यात ‘बुजवली’ लिहायचं आणि तारीख टाकायची. दहा वर्षांनी शहराच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्याला जिवंत विहिरींइतक्याच बुजलेल्या विहिरी महत्त्वाच्या वाटतील.

‘आधार’ हा रकाना नवे सदस्य हमखास रिकामा सोडतात. तो सक्तीचा करा. डोळ्यांनी पाहिलेलं, ऐकलेलं आणि कागदावरून घेतलेलं या तिघांचं वजन वेगळं असतं, आणि पुढच्या सगळ्या वादांचा निकाल याच रकान्यावर लागतो.

पहिल्या वर्षीच आणखी एक कागद करा: निर्णय-वही. तारीख, प्रश्न, काय ठरलं, का ठरलं, कोणाची नापसंती होती, फेरविचार कधी. पाच ओळी पुरतात.

तिसरी पायरी: परवाना पहिल्याच दिवशी

परवाना म्हणजे तुमची माहिती इतरांनी कोणत्या अटींवर वापरायची हे सांगणारा कागद. तो ठरवणं कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळेच पुढे ढकलतात. ते किती महागात पडतं याचं सर्वांत मोठं उदाहरण ओपनस्ट्रीटमॅपचंच आहे. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये तो सुरू झाला आणि दोन वर्षांनी, २००६ मध्ये, त्यामागे फाउंडेशन उभं राहिलं. सुरुवातीचा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना लेख-चित्रांसाठी बेतलेला होता, डेटाबेसला तो नीट बसत नव्हता. तो बदलून ओडीबीएल हा डेटाबेससाठीचा परवाना आणायला कित्येक वर्षं चर्चा चालली आणि बदल प्रत्यक्षात आला सप्टेंबर २०१२ मध्ये. प्रत्येक योगदानकर्त्याची संमती लागली. ज्यांनी नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही, त्यांचं काम नकाशातून काढावं लागलं. लोकांनी पायी फिरून नोंदवलेले रस्ते पुन्हा नोंदवावे लागले.

त्यातून त्यांनी जी अट घडवली ती आपण जशीच्या तशी शिकावी अशी आहे. पुढे परवाना बदलायचा झाला तर नवा परवानाही मुक्त आणि खुलाच असला पाहिजे, फाउंडेशनच्या सदस्यांचं मत हवं आणि सक्रिय योगदानकर्त्यांपैकी किमान दोन-तृतीयांशांची मान्यता हवी. सक्रिय म्हणजे कोण, हेही लिहिलेलं आहे: गेल्या १२ महिन्यांपैकी निदान तीन वेगवेगळ्या महिन्यांत ज्याने नकाशात काम केलं आणि ज्याचा ईमेल चालू आहे, विचारल्यावर तीन आठवड्यांत जो उत्तर देतो.

तुमच्या गटासाठी एका पानाचा संमतीपत्राचा नमुना करा. माहिती कोणत्या परवान्याखाली जाईल, फोटो कोणाचे, आणि हा परवाना भविष्यात कोणत्या मार्गाने बदलता येईल. प्रत्येक नव्या सदस्याची सही पहिल्या फेरीआधी घ्या.

चौथी पायरी: नावं आणि सीमा

शुक्रवारी तलाव, जुम्मा तलाव आणि गांधीसागर हे एकच पाणी आहे. तेलंगखेडी आणि फुटाळाही तसंच. एक नाव निवडून बाकीची खोडली तर त्या नावाने तलाव ओळखणारा माणूस तुमच्या नकाशापासून दुरावतो, आणि जुन्या कागदपत्रांशी जोडणीही तुटते. मुख्य नावाच्या रकान्यात आज फलकावर आणि बोलण्यात रूढ असलेलं नाव टाका, पर्यायी आणि जुनी नावं वेगळ्या रकान्यांत. मुख्य नाव बदलायचं झालं तर निर्णय-वहीत नोंद हवी.

सीमांचं प्रकरण जास्त नाजूक. मनपाची २०१२ ची निवडणूक दोन सदस्यांच्या प्रभागांवर झाली, २०१७ ची चार सदस्यांच्या पद्धतीवर. १५१ जागांसाठी ३८ प्रभाग होते. म्हणजे २०१५ साली एखाद्या गटाने विहिरीच्या नोंदीत प्रभाग क्रमांक लिहिला असता, तर दोनच वर्षांत तो निरुपयोगी झाला असता. शिवाय दिसायला बरोबरच दिसला असता, हा खरा धोका. म्हणून विहिरीच्या नोंदीत प्रभाग लिहूच नका. प्रभागांचा वेगळा लेअर ठेवा, त्याच्या प्रत्येक आवृत्तीला ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ अशा दोन तारखा द्या, आणि नगरसेवकाला यादी द्यायची असेल तेव्हा त्या-त्या तारखेच्या सीमेवरून ती काढा. झोनसाठीही हेच.

देशाच्या सीमेबाबत कायदा स्पष्ट आहे. १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमानुसार सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं हा गुन्हा आहे. ओपनस्ट्रीटमॅप मात्र वादग्रस्त भागात प्रत्यक्ष ताबा कोणाचा हे पाहून रेषा काढतो. शहराच्या नकाशात हा प्रश्न उद्भवत नाही. अहवालाच्या मुखपृष्ठावर ‘भारतात नागपूर कुठे’ असं छोटं चित्र टाकायचा मोह होतो, तेव्हा उद्भवतो. ते चित्र सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरूनच घ्या.

पाचवी पायरी: वादांचा निकाल

कारभाराची खरी परीक्षा इथे होते, म्हणून थोडं थांबून सांगतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. समजा तुमच्या गटाने त्या पाण्याच्या खुणा नोंदवायचं ठरवलं: कोणत्या गल्लीत, किती उंचीपर्यंत. नोंदी गोळा झाल्या, नकाशा प्रसिद्ध झाला. महिन्याभरात एक घरमालक येतो. ‘माझ्या घरावरची खूण काढा, घर विकायला काढलंय.’ दुसऱ्याच दिवशी त्याच गल्लीतली एक भाडेकरू बाई येते: ‘खूण कमी दाखवली आहे, माझं सगळं सामान भिजलं.’ आता कोणाचं ऐकायचं?

पहिलं काम भाषेचं. अशा लेअरला ‘पूररेषा’ म्हणू नका. राज्यात जलसंपदा विभाग आखतो त्या निळ्या आणि लाल पूररेषांना बांधकाम परवानगीच्या दृष्टीने वजन असतं. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्या नोंदी म्हणजे लोकांनी पाहिलेल्या पाण्याच्या खुणा. तेच नाव द्या आणि प्रत्येक छापील प्रतीवर ते ठळक ठेवा.

दुसरं काम मोजमापाचं. मोबाइलने दाखवलेली उंची इथे वापरू नका. झिरो माइलच्या स्तंभाजवळच्या दगडावर १०२०.१७१ फूट ही उंची कोरलेली आहे, ती समुद्रसपाटीपासूनची. बऱ्याच मोबाइलमधला जीपीएस मात्र पृथ्वीच्या काल्पनिक गणिती पृष्ठभागापासूनची उंची देतो, आणि नागपूर भागात या दोन्हींत पन्नास मीटरांहून जास्त अंतर आहे. एकाने एक आकडा घेतला आणि दुसऱ्याने दुसरा, तर सगळा लेअर वाया. त्यापेक्षा जमिनीपासून किंवा ओट्यापासून पाणी किती सेंटिमीटर चढलं ते टेपने मोजा, भिंतीवरच्या डागाचा टेपसकट फोटो घ्या, आणि कशापासून मोजलं ते लिहा. भाडेकरू बाईच्या तक्रारीचं उत्तर त्या फोटोत मिळतं. फोटो नसेल तर दोघांची सांगणी वेगळ्या नोंदी म्हणून ठेवायची, सरासरी काढायची नाही.

घरमालकाच्या बाबतीत दोन हक्क समोरासमोर येतात: शेजाऱ्यांना आणि उद्याच्या खरेदीदाराला माहिती मिळण्याचा, आणि एका कुटुंबाच्या खासगीपणाचा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर नावं आणि फोन नंबर असलेल्या फाइली उघड्या ठेवणं परवडणारं नाही. माझ्या मते यातून असा मार्ग निघतो. निर्णय-वहीतली ही नमुना नोंद पाहा:

‘निर्णय १९. प्रश्न: पाण्याची खूण विशिष्ट घरावर दाखवावी का? ठरलं: सार्वजनिक नकाशात खूण जवळच्या विजेच्या खांबाला किंवा चौकाला जोडायची. मूळ बिंदू आतल्या फाइलीत राहील, तो दोन सदस्यांच्या संमतीनेच उघडेल. खूण काढून टाकायची मागणी मान्य नाही, कारण ती पाहिलेली गोष्ट आहे. कोणाचंही नाव आणि फोन कुठेही नाही. नापसंती: एक सदस्य, अचूकता कमी होते म्हणून. फेरविचार: पुढचा पावसाळा संपल्यावर.’

नापसंती लिहिणं मला फार महत्त्वाचं वाटतं. हरलेल्या बाजूचं म्हणणं कागदावर राहिलं की ती व्यक्ती गटात टिकते, आणि फेरविचाराच्या वेळी नव्या लोकांना मुद्दा नव्याने शोधावा लागत नाही. तक्रार ऐकायला तिघे असावेत आणि त्यांत मूळ नोंद करणारा नसावा, एवढा नियमही जोडा.

सहावी पायरी: तिसऱ्या वर्षाच्या आसपास भूमिका वेगळ्या करा

एखाद्या कॉलेजने आपल्या साठ विद्यार्थ्यांना एका रविवारी नाले नोंदवायला पाठवलं की तुमचा जुना कारभार त्या दिवशीच अपुरा पडतो. ओपनस्ट्रीटमॅपलाही हा अनुभव आला. कंपन्या आणि संस्था पगारी किंवा नेमून दिलेल्या माणसांकडून नकाशा करू लागल्या, तेव्हा २०१८ मध्ये संघटित संपादनासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली. कोण करतंय, कशासाठी, कोणत्या साधनांनी, हे आधी जाहीर करायचं. तुम्हीही तसंच करा. साठ जण येण्याआधी एका पानाचा आराखडा मागा, आधी पाच नोंदी तपासा, मगच बाकीच्यांना सोडा. त्या दिवशीच्या सगळ्या नोंदींना एक गट-क्रमांक द्या, म्हणजे गडबड झालीच तर एकगठ्ठा मागे घेता येतात.

याच टप्प्यावर तीन कामं तीन माणसांत वाटा: नोंदी तपासणारा, फाइली आणि सर्व्हर सांभाळणारा, बाहेरच्यांशी बोलणारा. मुदत दोन वर्षांची, आणि तिघांची मुदत एकाच वेळी संपू देऊ नका. मतदानाचा हक्क वर्गणी भरणाऱ्याला नाही, काम करणाऱ्याला द्या. वरची तीन महिन्यांची अट त्यासाठी उत्तम आहे. ज्याने नकाशा सुरू केला त्याला सन्मान जरूर द्या, पण नकाराधिकार देऊ नका.

सातवी पायरी: सरकारी कार्यालयाशी करार

नकाशा चांगला झाला की मनपाचा एखादा विभाग किंवा एमआरसॅकसारखी संस्था विचारणा करते. आनंदाची गोष्ट आहे. पण कारभार इथे पुन्हा बदलतो, कारण तुमच्या चुकीवर आता सरकारी निर्णय अवलंबून असू शकतो.

आधी कायद्याची आजची स्थिती जाणून घ्या, कारण अनेकांच्या मनात जुने नियम बसलेले आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नकाशांच्या दोन मालिका केल्या, संरक्षणासाठी एक आणि लोकांसाठी एक. २०१६ मध्ये आलेल्या मसुदा विधेयकात परवानगीशिवाय भूस्थानिक, म्हणजे जागेशी जोडलेली, माहिती बाळगल्यास १०० कोटींपर्यंत दंड सुचवला होता. त्याचा कायदा झाला नाही, त्याची भीती मात्र अजून ऐकू येते. प्रत्यक्षात १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांना पूर्वपरवानगीची अट काढून टाकली. डिसेंबर २०२२ चं राष्ट्रीय भूस्थानिक धोरण त्याच दिशेने पुढे गेलं. तुमच्यासाठी महत्त्वाची मर्यादा ही: आडवी १ मीटर आणि उभी ३ मीटर याहून बारीक अचूकतेची माहिती भारतीयांनीच तयार करायची आणि ती भारतातच साठवायची. साध्या मोबाइलच्या नोंदी सहसा एवढ्या बारीक नसतात. आरटीके यंत्र (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस) किंवा ड्रोन वापरायला लागलात की सर्व्हर कुठे आहे हे तपासा.

करारात चार मुद्दे हवेतच. माहितीचा परवाना बदलणार नाही. कार्यालय ज्या तारखेची प्रत घेईल ती तारीख प्रत्येक वापरात दाखवेल. कार्यालयाने केलेल्या दुरुस्त्या ठरलेल्या काळात तुमच्याकडे परत येतील. आणि अधिकारी बदलला तरी करार त्या पदाशी राहील, व्यक्तीशी नाही. तिसऱ्या मुद्द्यासाठी हट्ट धरा. तो नसेल तर वर्षभरात एकाच विहिरीच्या दोन कहाण्या होतात, एक तुमची, एक सरकारी, आणि सरकारी कहाणीपुढे तुमची टिकत नाही.

आठवी पायरी: किल्ल्या आणि पैसा

सर्व्हर, डोमेन आणि ईमेल यांचे पासवर्ड निदान दोघांकडे, आणि एक प्रत बंद पाकिटात. खर्चाचा हिशेब भिशीसारखा, सगळ्यांना दिसेल असा. देणगीदाराला नकाशात नाव मिळेल, निर्णयात मत मिळणार नाही, हे देणगी घेण्याआधीच सांगा.

नववी पायरी: लेअर बंद करायचा असेल तर

प्रत्येक लेअर कायम चालवायचा नसतो. एखादा नाला बंदिस्त झाला, पाण्याच्या खुणांचा लेअर सरकारी सर्वेक्षणाने मागे पडला, किंवा तपासायला माणसंच उरली नाहीत, तर अर्धवट जुनी माहिती चालू म्हणून दाखवत राहणं घातक आहे. नियम असा ठेवा: सलग दोन पावसाळे ज्या लेअरमधली एकही नोंद पुन्हा पाहिली गेली नाही, तो ‘गोठवलेला’. नकाशात तो राखाडी रंगात दिसेल, वर शेवटची तारीख असेल, आणि नव्या निर्णयासाठी तो वापरू नये असं लिहिलेलं असेल.

गोठवताना चार फाइली एकत्र बांधा: नोंदी जिओजेसन (नकाशासाठीची) आणि सीएसव्ही (साध्या तक्त्याची) या दोन्ही फाइल-रूपांत, म्हणजे उद्या कोणतंही सॉफ्टवेअर नसलं तरी उघडतील, रकान्यांचा अर्थ सांगणारं एक मराठी पान, आणि निर्णय-वही पूर्ण, नापसंतीसकट. तिच्यातली सदस्यांची नावं काढून फक्त सदस्य क्रमांक ठेवा. एक प्रत शहरातल्या एखाद्या विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्या, एक खुल्या डिजिटल संग्रहात चढवा आणि पोच घ्या. घरावरच्या मूळ बिंदूंची आतली फाइल या गठ्ठ्यात जात नाही. तिचं काय करायचं यावर तेव्हाच्या सक्रिय सदस्यांचं मत घ्या, आणि जे ठरेल ते निर्णय-वहीच्या शेवटच्या नोंदीत लिहा.